मोर बोलले, पोरगं बोलेना

आमेरला आमची एक छोटी तुकडी काही महिने होती. कुठे आणि कशासाठी ते सोडून देतो, वाचणाऱ्यांतले फौजी समजून घेतील. जयपूर शहरातून निघालं की जलमहाल मागे पडतो, डोंगर जवळ येतात आणि एका वळणावर आमेरचा किल्ला एकदम समोर उभा राहतो. खाली मावठा तलाव, वर महाल, आणि त्याच्याही वर जयगड. मराठी माणसाला आमेर म्हटलं की मिर्झाराजे जयसिंग आठवणारच. १६६५ च्या पुरंदरच्या तहात आपले तेवीस किल्ले गेले, तो तह करून घेणारा माणूस याच गादीवरचा. पहिल्या दिवशी मीही किल्ल्याकडे बघत तोच हिशोब मनात करत होतो. दुसऱ्या दिवसापासून मात्र माझ्यासाठी आमेर म्हणजे मोर.

आमच्या कुंपणामागेच डोंगर चालू व्हायचा. धोक, खैर, थोर आणि वेडी बाभूळ. पहाटे पीटीच्या आधी, अजून अंधार असताना, मोर झाडावरच बसलेले असायचे आणि आम्ही काहीही आवाज केला की ओरडायचे. रेशनची गाडी रिव्हर्स घेताना हॉर्न वाजला, की ओरडले. लंगरमध्ये कुणी पातेलं आपटलं, की ओरडले. खालच्या वस्तीत लग्नाचा फटाका वाजला, तर सगळा डोंगर एका सुरात "म्यांऽओ, म्यांऽओ". आमचा एक कोल्हापूरचा शिपाई म्हणायचा, "सर, इथं शिंकायची पण चोरी आहे. लगेच रिपोर्ट जातोय."

मला त्यात नवल वाटेना, कारण याचं शास्त्र मला सहा महिन्यांपूर्वीच एका अमेरिकन सार्जंटने शिकवलं होतं. तेही टर्कीच्या निमित्ताने.

फेब्रुवारी २०२१. बिकानेर जिल्ह्यातल्या महाजन रेंजवर भारत आणि अमेरिका यांच्या सैन्यांचा 'युद्ध अभ्यास' होता. मी तिथे बंदोबस्ताच्या आणि सामानाच्या कामाला होतो, लढाईच्या सरावाला नव्हतो. कोरोनामुळे मिसळायला बंधनं होती, पण चहाच्या वेळी दोन हातांवरून का होईना बोलणं व्हायचं. मिसूरी राज्यातला एक सार्जंट, शेतकऱ्याचा मुलगा. माझं इंग्रजी कामापुरतं, त्याचं हिंदी 'नमस्ते'पुरतं. पण शेती आणि जनावरं हा विषय निघाला की भाषा फारशी लागत नाही. त्याने विचारलं, तुमच्याकडे शिकार करतात का? मी म्हटलं, १९७२ च्या कायद्यापासून बंदी आहे. मग त्याने त्याच्या गावची वसंत ऋतूतली टर्कीची शिकार सांगितली.

रानटी टर्की म्हणजे हॉटेलात मिळते ती पांढरी, जड कोंबडी नव्हे. ती उडते, रात्री उंच झाडावर बसते, आणि तिची नजर फार तेज. नर पहाटे झाडावरूनच घुमतो, "गॉबल-गॉबल-गॉबल". शांत हवेत तो आवाज मैलभरावरूनही येतो. पण तो घुमेलच याची खात्री नसते. मग शिकारी त्याला बोलायला लावतो. कसं? मादीचा आवाज काढून नव्हे. घुबडाचा आवाज काढून.

सार्जंटने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि महाजनच्या वाळवंटात अमेरिकेतलं घुबड बोललं, "हू-हू-हुहू, हू-हू-हुहूऽऽ". लंगरचा कुत्रा भुंकत उठला. आमचा संत्री दोन पावलं पुढे आला. सार्जंट हसून म्हणाला, बघ, दोघांनी आपापली जागा सांगितली.

त्याच्या म्हणण्याचा मतितार्थ असा. नर टर्की त्या घुबडाला उत्तर देत नसतो. मोठा, अचानक आवाज झाला की त्याच्या तोंडून घुमणं आपोआप निघून जातं. ढग गडगडला, गाडीचं दार आपटलं, कावळा ओरडला, तरी तो बोलतो. म्हणून शिकारी पहाटे घुबडाचा, दिवसा कावळ्याचा आवाज काढतात. नुसतं ठिकाण कळण्यासाठी. मादीचा आवाज सुरुवातीलाच काढला तर नर थेट चालून येतो आणि शिकारी अजून उघड्यावर उभा असतो, सगळा खेळ संपतो. म्हणून आधी घुबड होऊन जागा काढायची, गुपचूप शंभर-दीडशे पावलांवर जाऊन झाडाला पाठ लावून बसायचं, आणि मग लाकडी पेटीचं झाकण घासून मादीचा आवाज काढायचा. जागा काढायची हाक वेगळी, जवळ बोलवायची हाक वेगळी. हे दोन्ही एक समजला तो रिकाम्या हाताने घरी येतो.

आणि शेवटी त्याने एक गोष्ट सांगितली, त्या वेळी चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. टर्कीचा आवाज आला म्हणून झुडपातून सरपटत त्या आवाजाकडे कधीच जायचं नाही. कारण तो आवाज दुसरा शिकारी काढत असू शकतो. त्यांच्याकडे अशी माणसं मेली आहेत. नराचं डोकं तांबडं, पांढरं, निळं असतं, म्हणून त्या दिवसांत या तीन रंगांचा रुमालसुद्धा अंगावर ठेवत नाहीत. आवाजावरून जागा कळते, कोण आहे ते कळत नाही.

मी त्याला म्हटलं, आमच्याकडे हे मोर करतो. आणि तित्तरही.

तित्तर मी लहानपणी बघितला होता. मी खटाव तालुक्यातला. ऐंशीच्या दशकात आमच्या माळावर दरवर्षी फासेपारध्यांची पालं पडायची. त्यांतला एक म्हातारा मला सोबत घेऊन जायचा. शिकारीला तेव्हाही बंदीच होती, पण पोटाला नव्हती. त्याच्याकडे पिंजऱ्यात पाळलेला तित्तर असायचा. पिंजरा माळावर ठेवायचा, भोवती घोड्याच्या केसांचे फासे मांडायचे आणि लांब बसायचं. पाळलेला तित्तर ओरडायचा. आपल्या हद्दीत हा कोण आला म्हणून रानातला नर तावातावाने उत्तर द्यायचा, उत्तर देत देत जवळ यायचा, आणि अडकायचा. म्हातारा स्वतःही तोंडाने हुबेहूब तो आवाज काढायचा. मोर, तित्तर, टर्की हे सगळे एकाच कुळातले पक्षी, हे मला पुढे कधीतरी वाचून कळलं. म्हाताऱ्याला न वाचता माहीत असणार.

त्याच माळावरचं आणखी एक दृश्य डोक्यात बसलं आहे. गावात कुठे चोरी झाली की जीप थेट पालांवर यायची. साहेब उतरून मोठ्या आवाजात एकेकाचं नाव घेऊन हाक मारायचे. कुणी ओ देत नसे. पालात माणसं असायची, चूल पेटलेली असायची, पण आवाज नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अशा जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला. कागदावरून. मला तेव्हा वाटायचं, हे लोक बहिरे आहेत की काय? सबंध रानाला बोलतं करणारा म्हातारा स्वतः मात्र हाकेला गप्प. याचा अर्थ लावायला मला आमेरपर्यंत जावं लागलं.

त्याआधी एक कबुली द्यायची आहे. या ब्लॉगवर नियंत्रण रेषेबद्दल मी पुष्कळ लिहिलं, हे लिहिलं नव्हतं.

२००० साल. मी भरती होऊन दोन वर्षं झाली होती, पहिलीच फील्ड पोस्टिंग. तेव्हा युद्धविराम नव्हता, तो २००३ च्या नोव्हेंबरात झाला. रात्री समोरून अधूनमधून एखाद-दोन गोळ्या यायच्या, कशावरही नेम न धरलेल्या. नुसत्या अंधारात सोडलेल्या. उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "वो गोली तुझे मारने के लिए नहीं है. वो पूछ रहा है, कहाँ बैठा है. जवाब मत देना." हुकमाशिवाय फायर नाही, हा नियम होता. तो का आहे हे आम्हाला पाठ होतं, कळलेलं नव्हतं.

एका रात्री माझ्या एलएमजीच्या जवळच्या दगडावर गोळी आपटली आणि ठिणगी उडाली. माझं बोट माझ्या आधी हललं. चार-पाच गोळ्यांचा एक बर्स्ट गेला. बस्स. समोर शांत झालं. मला वाटलं, गप्प केलं. वीस मिनिटांनी मॉर्टर आली, आणि बरोबर आली. माझा नंबर दोन माझ्या उजवीकडे होता. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मला खरचटलंसुद्धा नाही.

तो आता कराडच्या बाजूला असतो, शेती करतो. त्याने मला कधी बोल लावला नाही. मीही कधी विषय काढला नाही. महाजनला सार्जंट घुबडाचा आवाज काढत होता तेव्हा सगळे हसत होते, मीही हसलो. पण मनात म्हटलं, बाबा, मी तो टर्की आहे.

आता आमेर.

११ जुलै २०२१ ची संध्याकाळ जयपूरवाल्यांना कोणी सांगायला नको. किल्ल्यासमोरच्या टेहळणी बुरुजावर पाऊस बघायला आणि फोटो काढायला माणसं चढली होती. वीज पडली. अकरा जण गेले. आमच्याकडे त्या गडगडाटाबरोबर मोर वेड्यासारखे ओरडले होते. नेहमीचंच म्हणून आम्ही लक्ष दिलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस वस्तीतल्या बायका ढग आले की पोरांना हाका मारून घरात घ्यायच्या.

ऑगस्टमध्ये, महिनाभराने, एका संध्याकाळी वस्तीतले तिघे-चौघे आमच्या गेटवर आले. एक दहा-अकरा वर्षांचं पोरगं डोंगरात राहिलं होतं. शाळा कोरोनामुळे बंद, म्हणून आजीच्या बकऱ्या घेऊन जायचं. बकऱ्या सहाच्या सुमाराला आपल्या आपण परत आल्या. पोरगं आलं नाही. बाप जयपुरात टेम्पो चालवायचा, तो निघाला होता. पावसाची एक सर येऊन गेली होती, पुढची येणार होती. आणि त्या डोंगरात बघेरा आहे. बघेरा म्हणजे बिबट्या. साहेबांना फोन करून परवानगी घेतली, चार जवान घेतले, टॉर्च, दोर, फर्स्ट एडची पिशवी घेतली आणि वर निघालो.

वर पोचलो तेव्हा गावातली वीस-पंचवीस माणसं आधीच तिथे होती आणि सगळी एकाच वेळी ओरडत होती. कुणी पोराचं नाव घेतंय, कुणी शिट्टी मारतंय, कुणी डबा वाजवतंय. उत्तर आलं असतं तरी ऐकणार कोण? मला शोधाची पद्धत माहीत होती. मी सगळ्यांना गप्प केलं. खाली बसवलं. माझे चार जवान धारेवर चार ठिकाणी उभे केले, एकमेकांपासून शंभर-सव्वाशे पावलांवर. एकाने पूर्ण ताकदीने हाक द्यायची, मग सगळ्यांनी मिनिटभर श्वाससुद्धा हळू घ्यायचा. काही ऐकू आलं तर तोंड उघडायचं नाही, आवाज आला त्या दिशेला हात करायचा आणि हात तसाच ठेवायचा. मग दुसऱ्याने हाक द्यायची. कोसळलेल्या इमारतीत अडकलेली माणसं शोधताना हेच करतात. पद्धत चांगली आहे, आजही म्हणेन.

पहिल्या जवानाने हाक दिली. परेड ग्राउंडवर कमावलेला आवाज. "कोई है? आवाज दोऽऽ!"

डोंगर उठला. चारी बाजूंनी मोर. "म्यांऽओ, म्यांऽओ". ज्याने रात्री मोराचा आवाज ऐकला आहे त्याला सांगायला नको, लांबून तो लहान पोर रडल्यासारखा वाटतो. चारही जवानांचे हात चार दिशांना. गावातला एक जण धावत सुटला, त्याला पकडून बसवावं लागलं. मोर थांबेपर्यंत दोन मिनिटं गेली. दुसरी हाक, पुन्हा मोर. तिसऱ्या हाकेला मोर आणि खालच्या बाजूने वानरं. आम्ही जागा बदलत तटबंदीच्या कडेने सरकत गेलो. जुनी दगडी भिंत डोंगराच्या धारेवरून साप गेल्यासारखी गेली आहे. तिच्यावर आपटून आवाज परत यायचा, आमचीच हाक आम्हाला समोरून ऐकू यायची. तास गेला. नऊ वाजत आले. डोंगरात जे जे बोलणारं होतं ते सगळं बोललं. पोरगं तेवढं बोललं नाही.

माझ्या मनात काय आलं ते लिहिणं जड जातं. बेशुद्ध असेल, किंवा नसेलच, असं आलं. मी टॉर्च घेऊन एकेक नाळ उतरून बघायची असं ठरवत होतो. रात्रभराचं काम, तेही पावसात.

तेवढ्यात आजी वर आली. सत्तरीची असेल, अनवाणी, आणि काखेत एक करडू. पंधरा-वीस दिवसांचं. मला वाटलं म्हातारी भ्रमिष्ट झाली, या गोंधळात करडू कुठे आणते? ती माझ्यापाशी येऊन बसली. धाप लागली होती. म्हणाली, बारा बकऱ्या गेल्या, अकरा आल्या. जी आली नाही ती या करडाची आई. पोरगा तिला सोडून येणार नाही, जिथे ती तिथे तो.

मी म्हटलं, "माजी, हम एक घंटे से आवाज दे रहे हैं. जवाब नहीं आ रहा."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. म्हणाली, "थांकी आवाज पे छोरो कोनी बोलै. बकरी बोलैगी. अब थे चुप रैवो."

तुमच्या आवाजाला पोरगं बोलणार नाही, बकरी बोलेल. आता तुम्ही गप्प बसा.

आम्ही गप्प बसलो. टॉर्चही बंद करायला लावले तिने. सगळा डोंगर हळूहळू शांत झाला, मोरसुद्धा. पाच एक मिनिटं गेली असतील. मग तिने करडाचा कान चिमटीत धरून जरासा दाबला. करडू ओरडलं. बारीक आवाज, आमच्या हाकेच्या दहावा हिस्साही नाही. एकाही मोराने ओ दिली नाही.

दुसऱ्यांदा ओरडलं. काही नाही.

तिसऱ्यांदा ओरडलं, आणि खूप खालून, भिंतीच्या पलीकडून, एक दबका आवाज आला. मध्येच तुटलेला. मग पुन्हा, मोकळा, लांब. बकरी.

इथे आमचं शिक्षण कामाला आलं, ते नाकारत नाही. डोंगरात एका ठिकाणाहून ऐकलेल्या आवाजाची फक्त दिशा कळते, आणि भिंत जवळ असली की तीही फसवी. मी माझ्या नाईकला भिंतीच्या कडेने दीडशे पावलं पुढे पाठवलं. आजीने पुन्हा कान दाबला, बकरी पुन्हा बोलली. त्याने त्याच्या जागेवरून मोबाईलच्या कंपासवर बेअरिंग घेतलं, मी माझ्या. दोन रेषा जिथे छेदल्या ती एक नाळ होती, भिंतीखाली, धोकाच्या दाट झाडीत. तासाभरापूर्वी आम्ही तिच्या वरूनच गेलो होतो. फार तर ऐंशी पावलांवरून.

आम्ही उतरायला लागलो तसा आजीने पहिल्यांदा तोंड उघडलं. पोराचं नाव घेतलं. ओरडून नाही, अंगणातून जेवायला बोलवावं तसं. आणि खालून रडण्याचा आवाज आला. मोराचा नाही.

बकरीचा मागचा पाय दोन दगडांच्या फटीत अडकला होता. तिला काढायला पोरगं उतरलं, निसटलं, आणि त्याचा घोटा मोडला. पाय काढता येत नाही आणि चढता येत नाही, म्हणून ते तिच्याच अंगाला टेकून बसलं होतं. भिजलेलं, गारठलेलं, पण पूर्ण शुद्धीवर. दोन बांबू आणि तीन जॅकेट यांचं स्ट्रेचर केलं, घोट्याला लाकडाची फळी बांधली, साडेदहाला खाली आणलं. बकरी लंगडत मागून आली. करडाने तिथेच, सगळ्यांच्या पायांत, दूध प्यायला सुरुवात केली.

दोन दिवसांनी मी त्याला बघायला गेलो. पायाला प्लास्टर, हातात मी नेलेली बिस्किटं. विचारलं, "बेटा, हमारी आवाज सुनी थी?"

"सुनी थी."

"तो बोला क्यों नहीं?"

त्याने आजीकडे बघितलं. ती मान खाली घालून भाकरी थापत होती. मग म्हणाला, त्याला वाटलं जंगलवाले आहेत. त्या बाजूला बकऱ्या न्यायची मनाई आहे, सापडली तर बकरी घेऊन जातात असं त्याने मोठ्यांकडून ऐकलं होतं. टॉर्च दिसले, बूट ऐकू आले, मोठे मोठे आवाज "आवाज दो" म्हणून दरडावताना ऐकले. म्हणून त्याने तोंड मिटून घेतलं. बकरीचंही. आम्ही वरून जात होतो तेवढा वेळ त्याने दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबून धरलं होतं. मग करडू ओरडलं, आणि ती त्याच्या हातात राहिली नाही.

मी ज्या हाकेला मदत समजत होतो ती त्याला धाड वाटली. आणि गावातली जी माणसं त्याच्या नावाने हाका मारत होती, ज्यांच्यापैकी एखाद्याचा आवाज त्याने ओळखला असता, त्यांना मीच गप्प करून खाली बसवलं होतं. तेही पद्धतशीर.

हे कळल्यावर मला खटावच्या माळावरची पालं आठवली. चूल पेटलेली आणि आवाज नाही. काश्मीरमधली दारंही आठवली, ज्यांच्यावर आम्ही रात्री थाप मारायचो आणि आत कुणीतरी श्वास रोखून उभं आहे हे बाहेर कळायचं. टर्की आणि मोर यांना आवाज कुणाचा याच्याशी देणंघेणं नसतं, त्यांच्या तोंडून निघून जातं. म्हणूनच ती हाक त्यांच्यावर चालते. माणूस मात्र आधी ठरवतो, कोण विचारतंय. एकदा बोटाने माझ्याआधी उत्तर दिलं होतं, त्याची किंमत दुसऱ्याच्या हाताने भरली. त्यामुळे आयुष्यभर पोरांना एकच शिकवत आलो, की गप्प राहा. गप्प राहिल्याने मरणारं माणूसही असतं, आणि ते आपल्याच आवाजाला घाबरून गप्प असू शकतं, हे कुठल्याच क्लासमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर रिटायर होईपर्यंत शोधमोहिमेचा क्लास घेताना मी चार जागा, हाक, शांतता, हात, बेअरिंग हे सगळं शिकवलंच. पण फळ्यावर सगळ्यात वर एक प्रश्न लिहायचो: जो हरवलाय तो कुणाच्या हाकेला ओ देईल? आधी तो माणूस आणा. आई आणा, मित्र आणा, करडू आणा. नवीन पोरं हसायची. मग ही गोष्ट सांगायचो.

त्या रात्री, पोराला दवाखान्यात पोचवून परत आल्यावर, झोप येईना. बारा वाजून गेले होते. कराडला फोन लावला. त्याने उचलला. सगळी गोष्ट सांगितली, मोर, करडू, सगळं. आणि बोलता बोलता एकवीस वर्षांत पहिल्यांदा ती दुसरी रात्रही बोललो. म्हटलं, त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर...

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पोरगं तुझ्यापरीस शहाणं निघालं." आणि हसला. मग म्हणाला, "पेरणी झाली. ये एकदा घरी. फोनवर किती बोलशील."

बाहेर कुठेतरी ट्रकचा हॉर्न वाजला. डोंगरावरून मोर ओरडले. त्याने तिकडून विचारलं, "हे कोण रे?"

म्हटलं, "मोर. इथं कुणी काही बोललं की ओ देतात."

जय हिंद.